लेकीची ॲनाटॉमी आणि लॅटिनमध्ये शिरलेली ग्रीक विशेषणं – कुणी समजावेल का?

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी, एरवी मी पाककृतींच्या विभागात पडीक असते, इथे पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. हुशार आहे, पण ॲनाटॉमीच्या शब्दांनी पार घायकुतीला आलीय. रोज रात्री हॉस्टेलवरून फोन येतो, रडत नाही पण रडण्याच्या अलीकडचं काहीतरी असतं. परवा तोंडी परीक्षेत पायाच्या बाहेरच्या बाजूची नस विचारली, हिला म्हणायचं होतं पेरोनिअल आणि तोंडातून गेलं पेरिनिअल, म्हणजे गुडघ्याखालची नस एकदम नको त्या जागी जाऊन बसली. सर हसले, मग अख्खी बॅच हसली, आणि ही दोन दिवस मेसमध्ये गेली नाही.

मी बँकेत आहे, मला यातलं शून्य कळतं. पण तिच्याबरोबर पुस्तक उघडून बसले तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे लिव्हरला लॅटिनमध्ये म्हणे 'येकुर' असा स्वतःचा शब्द आहे, मग धमनी 'हेपाटिका' कशी झाली? डोळा 'ऑक्युलस' आणि डोळ्याची धमनी 'ऑफ्थाल्मिका'? नाम एका घरचं आणि विशेषण दुसऱ्या घरचं असं का? आणि दुसरं म्हणजे तेच विशेषण कधी हेपाटिकस, कधी हेपाटिका, कधी हेपाटिकम. लेक म्हणते आई तू विचार करू नकोस, पाठ करायचं. सीनिअर मुलांनी दिलेल्या ट्रिका आहेत, त्यातल्या निम्म्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

कुणी डॉक्टर, भाषावाले असतील तर जरा उजेड पाडा.

डॉ_अर्धशिशी

ताई, आधी लेकीला सांगा की या पेरोनिअल-पेरिनिअलमध्ये माझीही दांडी उडाली होती, आणि एकट्या माझी नाही, जगभर हा घोळ होतो. ग्रीकमध्ये 'पेरोने' म्हणजे कपडा अडकवायची पिन, ब्रोच. पायातलं ते बारीक हाड पिनेसारखं दिसतं म्हणून पेरोने. पुढे लॅटिनमध्ये त्याचं सरळ भाषांतर झालं, 'फिबुला', त्याचा अर्थही ब्रोचच. म्हणजे हाडाला लॅटिन नाव लागलं आणि स्नायूला, नसेला ग्रीक विशेषण चिकटून राहिलं. १९९८ साली आंतरराष्ट्रीय परिभाषा नव्याने ठरली तेव्हा 'फिबुलारिस' हे नाव आधी आणि 'पेरोनिअस' पर्याय म्हणून मागे अशी मांडणी झाली. त्यामुळे पुढच्या वेळी बेधडक 'फिब्युलर नर्व्ह' म्हणायचं. हसणाऱ्या सरांनाही ते मान्य करावं लागेल.

अवांतर: माझ्या आयडीवर हसणाऱ्यांसाठी, मायग्रेन हा शब्द ग्रीक 'हेमिक्रानिया' वरून आलाय, म्हणजे अर्धं डोकं. अर्धशिशीच की.

तिरकस_तात्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता कुणीतरी येऊन सगळं संस्कृतमधूनच गेलंय म्हणून सांगेल बघा.

पेन्शनर_गुरुजी

कोथिंबीरवडीताई, मी डॉक्टर नव्हे, शाळेत तीस वर्षं मराठी-संस्कृत शिकवलं. पण तुमचा पहिला प्रश्न वाचून हसू आलं कारण हाच प्रकार आपण रोज करतो आणि आपल्याला तो दिसत नाही.

पाचवी-सहावीचं व्याकरण आठवा. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. आता मला सांगा, तुमचा घसा दुखतो की कंठ दुखतो? दात किडतो की दंत किडतो? ओठ फुटतात की ओष्ठ? नाम आपलं घरचं, दात, ओठ, नाक, डोळा. पण विशेषण करायची वेळ आली की आपण 'दातीय', 'ओठ्य', 'नाकीय' म्हणत नाही, गुपचूप संस्कृतच्या दारात जातो आणि दंत्य, ओष्ठ्य, अनुनासिक घेऊन येतो. डोळे तपासायचे पण शिबिर मात्र 'नेत्रतपासणी'चं. का? कारण शास्त्राची भाषा म्हणून ती आधीपासून तयार होती, आणि कानाला भारदस्त लागते.

रोमन लोकांचं अगदी हेच झालं. त्यांच्याकडे वैद्यक आलं ते ग्रीकांकडून. रोममधले नावाजलेले वैद्यसुद्धा ग्रीक, खुद्द गॅलेन पेर्गामोनचा, लिहायचा ग्रीकमध्ये. त्याच्या आधी पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये वैद्यकावर लिहिलं तर त्याला पानोपानी 'याला ग्रीक लोक अमुक म्हणतात' असं सांगावं लागलं. त्यात 'येकुर' हा शब्द चालवायला महाकठीण, षष्ठीत 'येकोरिस' की 'येकिनोरिस' इथूनच गोंधळ. त्याच्यापेक्षा 'हेपाटिकोस' घ्यायचं, शेवटच्या 'ओस'चं 'उस' करायचं, झालं हेपाटिकस. कार्डियाकोसचं कार्डियाकस. कोइलिया म्हणजे पोट, त्यावरून कोइलियाकोस, त्याचं सीलिॲकस, ज्यावरून पोटातल्या मोठ्या धमनीचं 'सीलिॲक ट्रंक' हे नाव आलं. नियम सोपे आहेत, 'ओई'चं 'ओए', 'आई'चं 'आए', शेवट लॅटिन पद्धतीचा.

फरक एवढाच की मराठी ही प्राकृतमार्गे संस्कृतच्या वंशातली, लॅटिन मात्र ग्रीकची मुलगी नव्हे, तुलना तेवढ्यापुरतीच धरा.

कोथिंबीरवडी

गुरुजी!!! दंत्य-ओष्ठ्य! लेकीला फोन लावला, ती डिसेक्शन हॉलच्या बाहेर उभी राहून मोठ्यांदा हसली, किती दिवसांनी.

निळूभाऊ_निफाड

वाखुसा (वाचनखूण साठवली).

राईनकाठी

मी जर्मनीत फिजिओ आहे, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते कारण मलाही इथे येऊनच कळलं. आपल्याकडे इंग्लिशमधून शिकतो त्यामुळे 'हेपॅटिक आर्टरी, हेपॅटिक डक्ट' असं शेपूट कापलेलं रूप तोंडात बसतं. इथे डॉक्टर, फिजिओ अजून शेपटासकट लॅटिन बोलतात, मुस्क्युलस डेल्टोइडेउस वगैरे. पहिले सहा महिने माझी पाचावर धारण. मग एक दिवस ट्रॅममध्ये ट्यूब पेटली की अगं हे तर मराठी आहे!

लॅटिनमध्ये तीन लिंगं, आपल्याकडे तीन लिंगं. हिंदीवाल्याला दोनच, इंग्लिशवाल्याला तेही नाही. आपण 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल' विचार न करता बोलतो. तसंच डक्टस पुल्लिंगी म्हणून हेपाटिकस, आर्टेरिया स्त्रीलिंगी म्हणून हेपाटिका, लिगामेंटम नपुंसक म्हणून त्याला शेवटी 'उम'.

आणि आता खरी मजा. ते जे 'ऑइड' असतं ना, डेल्टॉइड, स्फिनॉइड, मॅस्टॉइड, ते ग्रीक 'एइडोस' म्हणजे रूप, आकार यावरून. त्याचं मराठी 'सारखा'. आणि 'सारखा' पण बदलतो! डेल्टा अक्षरासारखा स्नायू = मुस्क्युलस डेल्टोइडेउस. तो जिथे दंडाच्या हाडाला चिकटतो ती डेल्टासारखी खडबडीत जागा = ट्यूबेरोसिटास डेल्टोइडेआ. घोट्याचं डेल्टासारखं लिगामेंट = लिगामेंटम डेल्टोइडेउम. सारखा, सारखी, सारखं. संपलं. लेकीला म्हणावं पाठ करू नको, मराठीत बोल.

डॉ_अर्धशिशी

राईनकाठी, टोपी काढली. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

मग मी 'सारखा'ची यादी जरा लांबवतो, कारण शरीर म्हणजे ग्रीकांच्या घरातलं सामान आहे. क्रायकॉइड, अंगठीसारखी कूर्चा, ती खरंच खड्याच्या अंगठीसारखी असते, मागे रुंद पुढे अरुंद. ॲरिटिनॉइड, ओगराळ्यासारखी. स्कॅफॉइड, होडीसारखं हाड, मनगटातलं, हातावर पडलात की हेच मोडतं. झायफॉइड, तलवारीसारखं, छातीच्या हाडाचं खालचं टोक. कोराकॉइड, कावळ्याच्या चोचीसारखं. हायॉइड, उप्सिलॉन अक्षरासारखं. टेरिगॉइड, पंखासारखं. मॅस्टॉइड, कानामागचा उंचवटा, स्तनासारखा. ॲरॅक्नॉइड, मेंदूवरचं आवरण, कोळ्याच्या जाळ्यासारखं.

एथमॉइड म्हणजे चाळणीसारखं हाड, नाकाच्या वर, ज्याच्या भोकांमधून वासाच्या नसा मेंदूत जातात. आता त्या हाडाची जी भोकाभोकांची पट्टी आहे तिला म्हणतात 'लॅमिना क्रिब्रोसा', आणि लॅटिन 'क्रिब्रम' म्हणजेसुद्धा चाळणी! म्हणजे चाळणीच्या हाडाची चाळणीची पट्टी, एकदा ग्रीकमध्ये एकदा लॅटिनमध्ये. आपल्या 'लेडीज बायका' सारखं.

अभिमानी_मराठा_९६

सगळे उगाच ग्रीक ग्रीक करताय, हे शब्द मुळात संस्कृतमधून गेलेले आहेत. हेपार म्हणजे यकृत, स्प्लीन म्हणजे प्लीहा, ओडोंट म्हणजे दंत, कार्डियाक म्हणजे हार्दिक. स्पष्ट दिसतंय.

तिरकस_तात्या

आलं. वीस प्रतिसादांच्या आत आलं. पैज कोण हरलं?

पेन्शनर_गुरुजी

तात्या, त्यांना टोचू नका, त्यांनी दिलेल्या जोड्या बरोबर आहेत, निष्कर्ष तेवढा चुकलाय.

यकृत आणि हेपार एकमेकांपासून निघालेले नाहीत, दोघं चुलत भाऊ. लॅटिनचं ते येकुरसुद्धा त्याच घरातलं, आणि 'यकृत' शेजारी 'येकुर' ठेवून म्हणून बघा, तेच जास्त जवळचं वाटतं. प्लीहा, ग्रीक स्प्लेन, लॅटिन लिएन. दंत, ओडोंट, डेन्स. गुडघ्याला जानु, गोनू, गेनू. तिन्ही भाषा एका जुन्या हरवलेल्या भाषेच्या लेकी, कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. गंमत अशी की लॅटिनकडे स्वतःचा वारसाहक्काचा शब्द होता, तो बाजूला ठेवून तिने चुलत बहिणीकडून त्याच शब्दाचं दुसरं रूप उसनं आणलं.

'हार्दिक' मात्र झकास सापडलं तुम्हाला. हृद् ला 'इक' लागून हार्दिक, कार्डियाला 'अकोस' लागून कार्डियाकोस. हा 'इक' आणि ग्रीक 'इकोस', लॅटिन 'इकस' हे प्रत्ययही एकाच घराण्यातले मानतात. म्हणजे हार्दिक शुभेच्छा म्हणजे कार्डियाक शुभेच्छा.

आणि राईनकाठींनी सांगितलेलं 'एइडोस', रूप, म्हणजे जे दिसतं ते. त्याचा धातू 'पाहणे-जाणणे' या अर्थाचा, आपला 'विद्', ज्यावरून वेद, विद्या. थायरॉइड शब्दात तर दोन्हीकडून नातेवाईक आहेत. 'थिरेओस' म्हणजे दारासारखी उंच ढाल, कारण 'थिरा' म्हणजे दार, आणि थिरा व आपलं द्वार एकाच मुळाचे. दार म्हणा ना सरळ.

राईनकाठी

जर्मनमध्ये थायरॉइडला 'शिल्डड्र्यूझे' म्हणतात, ढाल-ग्रंथी, पेशंटसुद्धा तेच म्हणतो. शब्द नाही उचलला, चित्र उचललं.

मोडीवाचक

थायरॉइडवरून, हे नाव मूळचं ग्रंथीचं नाही, समोरच्या कूर्चेचं, ज्याला इंग्रजीत ॲडम्स ॲपल म्हणतात त्या भागाचं. ग्रंथीला ते चिकटवलं लंडनच्या थॉमस व्हार्टनने १६५६ साली, आणि तिचं काम काय याबद्दल त्याच्या तर्कांत एक असा होता की मान गोलाईदार, सुंदर दिसावी, विशेषतः बायकांची. हसू नका, त्या काळात हार्मोन कुणाला माहीत.

ताईंच्या प्रश्नाला थोडा इतिहास जोडतो. ग्रीक शब्द सगळे सरळ रस्त्याने लॅटिनमध्ये आले नाहीत. बरेच अरबीतून फिरून आले. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोला क्रेमोनाच्या जेरार्डने इब्न सीना या इराणी वैद्याचा वैद्यकग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणला, तेव्हा काही शब्दांवर दोन-दोन भाषांची धूळ होती. पायातली ती लांब सफेना शीर, बायपासला वापरतात ती, तिच्या नावाबद्दल अजून दोन तट आहेत, एक म्हणतो ग्रीक 'साफेनेस' म्हणजे स्पष्ट दिसणारी, दुसरा म्हणतो अरबी 'साफिन'. सायटिका तर आणखी घासून आलेला शब्द, मुळात ग्रीक 'इस्खिऑन' म्हणजे खुबा, त्यावरून लॅटिन इस्किआडिकस, मग मध्ययुगात डोकं कापून सायटिकस. (आयुर्वेदात गृध्रसी.)

मग १५४३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलला वेसालियसचा ॲनाटॉमीचा ग्रंथ छापला, गडी अठ्ठावीस वर्षांचा. त्यानंतर प्रत्येक देशाचा प्रोफेसर आपापली नावं पाडायला लागला, एकाच अवयवाला पाच-पाच नावं. शेवटी १८९५ मध्ये जर्मन ॲनाटॉमी संघटनेने बाझेललाच बसून एक अधिकृत लॅटिन यादी केली. पुढे १९५५ ची पॅरिसची आणि मग ती १९९८ ची. प्रत्येक वेळी ग्रीक-लॅटिन रस्सीखेच. प्लीहेची धमनी आधी 'लिएनालिस' होती, लॅटिन. १९९८ च्या यादीत ती 'स्प्लेनिका' आहे, ग्रीक. पेरोनिअसच्या बाबतीत उलटं, ग्रीक मागे लॅटिन पुढे. कुठलाही एक नियम शोधायला जाऊ नका.

राईनकाठी

+१, इथले म्हातारे डॉक्टर अजून लिएनालिसच म्हणतात.

तिरकस_तात्या

हे सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, ग्रीकांनी दार-अंगठी-ओगराळं म्हणायचं आणि आपण ते तसंच पोपटासारखं म्हणायचं. सगळं सरळ मराठीत का नाही? मध्य प्रदेशात २०२२ ला हिंदीतून एमबीबीएसची पुस्तकं काढलीच की.

डॉ_अर्धशिशी

तात्या, त्या पुस्तकांत वाक्यं हिंदी आणि शब्द बहुतेक तेच, देवनागरीत. आणि पेशंटचा अनुभव सांगतो, एका आजीबाईंना मी मुद्दाम शुद्ध मराठीत म्हटलं, तुमच्या अवटू ग्रंथीत दोष आहे. त्या घाबरून म्हणाल्या, अरे देवा, मला वाटलं नुसतं थायरॉइड असेल.

खाटीकगल्ली

मी इथे फक्त वाचायला येतो पण राहवलं नाही. तुम्ही यकृत यकृत करताय, आमच्या धंद्यात लिव्हर म्हणजे कलेजी, आणि आमची आजी त्यालाच काळीज म्हणायची. आणि गाण्यात काळीज म्हणजे हार्ट. काळजाला भिडलं म्हणताना कुणाला लिव्हर आठवत नाही. मग काळीज नक्की कुठे आहे हो डॉक्टर?

डॉ_अर्धशिशी

वा! हा धाग्यातला सगळ्यात भारी प्रश्न. ग्रीकांचाही असाच घोळ होता. 'कार्डिया' म्हणजे हृदय आणि जठराचं वरचं तोंड, जिथे अन्ननलिका येऊन मिळते, तेही कार्डिया. आजही त्या भागाला अधिकृत नाव तेच आहे. म्हणून प्लेक्सस कार्डियाकस हे नसांचं जाळं हृदयापाशी आणि पार्स कार्डियाका जठरात. दरवर्षी पहिल्या वर्षाची निम्मी पोरं 'कार्डियाक एंड' ऐकून हृदयात जाऊन बसतात. आणि ॲसिडिटी झाली की इंग्रज त्याला हार्टबर्न म्हणतो. आपण शहाणे, छातीत जळजळ म्हणतो, नाव कुणाचंच घेत नाही.

असाच दुसरा शब्द फ्रेनिकस. 'फ्रेन' म्हणजे श्वासपटलही आणि मनही, कारण जुन्या ग्रीकांना मन तिथे छातीत वाटायचं. श्वासपटलाची नस फ्रेनिक, आणि स्किझोफ्रेनियातला फ्रेन तोच.

सुगरण_नसलेली

मला यातलं काही कळत नाही पण माकडहाडाला काय म्हणतात?

पेन्शनर_गुरुजी

कॉक्सिक्स, विशेषण कॉक्सिजिअस. ग्रीक 'कोक्किक्स' म्हणजे कोकिळेच्या जातीचा पक्षी, कुकू, त्याच्या चोचीसारखं हाड म्हणून. त्यांना तिथे पक्षी दिसला, आपल्याला माकड. माझं मत आपल्या बाजूने.

आणि दंड वाकवून फुगवला की पोरं काय दाखवतात? बेटकुळी. बेडकी, छोटा बेडूक. रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला, 'मुस्क्युलस' म्हणजे छोटा उंदीर, त्यावरून मसल. ग्रीकमध्येही 'मिस' म्हणजे उंदीर आणि स्नायू दोन्ही, आपला मूषक त्यांच्याच भाऊबंदांपैकी.

निळूभाऊ_निफाड

आता जिममध्ये उंदीर वाढवतोय म्हणून सांगणार.

कोथिंबीरवडी

सगळ्यांचे किती आभार मानू. लेकीने सगळा धागा वाचला, रूममेटलाही वाचायला लावला (ती लातूरची), दोघींनी भिंतीवर कागद लावलाय 'सारखा-सारखी-सारखं' असा मोठ्या अक्षरात. काल परत तोंडी झाली, जिभेच्या नसा विचारल्या. लिंग्वालिस, हायपोग्लॉसस, ग्लॉसोफॅरिंजिअस. ही म्हणाली पहिली लॅटिन जिभेची, पुढच्या दोन्ही ग्रीक जिभेच्या, 'ग्लॉसा', त्यातली एक जिभेखालची आणि एक जीभ-घशाची. सरांनी नुसतं वर पाहिलं म्हणे.

पण तिने एक शंका पाठवलीय आणि ती म्हणते तुमचा नियम इथे मोडतो. छातीत मणक्याच्या उजव्या बाजूने एक शीर वर जाते, व्हेना ॲझिगॉस. व्हेना तर स्त्रीलिंगी. मग 'ॲझिगा' का नाही?

पेन्शनर_गुरुजी

अरे वा, पोरगी तयार झाली. बरोबर पकडलं.

'ॲझिगॉस' हे ग्रीक सामासिक विशेषण, नकाराचा 'अ' अधिक 'झिगॉन'. अशी जोडून केलेली विशेषणं ग्रीकमध्ये बहुधा पुल्लिंगी-स्त्रीलिंगी एकच रूप ठेवतात, बदलत नाहीत. आपल्याकडे नाही का, चांगला-चांगली होतं पण 'गोल' गोलच राहतं, गोल डबा, गोल पोळी. बाकीच्या विशेषणांना लॅटिनने आपले कपडे चढवले, याला मात्र आहे त्या ग्रीक कपड्यांत ठेवून घेतलं.

आणि झिगॉन म्हणजे जू. बैलाच्या मानेवरचं. संस्कृत युग, लॅटिन युगुम, आपलं जू, परत तेच कुटुंब. ती शीर एकटी, तिला डावीकडे तोडीस तोड जोडी नाही, म्हणून 'बिनजुवाची'. गालाचं हाड झायगोमॅटिक, तेही जुवावरूनच.

निळूभाऊ_निफाड

गुरुजी आमच्याकडं औताला एकच बैल उरला तर त्याला शेजाऱ्याच्या बैलासंगं जुंपतात, सावड म्हणतो आम्ही. या शिरेला सावड नाही का?

डॉ_अर्धशिशी

आहे की निळूभाऊ, डाव्या बाजूला हेमिॲझिगॉस नावाची अर्धवट शीर आहे, ती मधूनच मणक्यासमोरून आडवी येऊन हिलाच मिळते. कोथिंबीरवडीताई, हे लेकीला सावड म्हणूनच सांगा.